विदागारातील वापराधिकार

विदागार म्हणजे संगणकावरील सुसंघटित माहितीचा संग्रह किंवा डेटाबेस. असे एकच विदागार अनेक जण वापरीत असता त्यातील माहिती कोणी पाहावी, तीत भर कोणी घालावी व बदल कोणी करावा, हे ठरवून देणाऱ्या मुभेस वापराधिकार म्हणतात. परवलीच्या शब्दाने वापरणाऱ्याची केवळ ओळख पटते. ओळख पटलेल्या माणसास काय करू द्यावयाचे, हा प्रश्न त्यानंतर उरतोच.

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभारला. त्यात अधिकार देण्याच्या व काढून घेण्याच्या आज्ञा विकसित झाल्या. पुढे अधिकार व्यक्तीऐवजी पदास जोडण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे कर्मचाऱ्याची बदली होताच त्याचे अधिकार सुटतात. कामापुरताच अधिकार द्यावा, हे यातील मूलतत्त्व होय.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा याच्याशी निकटचा संबंध येतो, तो सातबारा उताऱ्यामुळे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. साहजिकच चुकीची नोंद खोडून काढण्याचा भार जमीनधारकावर पडतो. राज्याच्या ई-फेरफार प्रणालीत सातबारा कोणासही पाहता येतो. फेरफार मात्र तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आपल्या सजातील गावांपुरताच नोंदवितो. कराड तालुक्यातील तलाठ्यास तासगावच्या नोंदीत हात घालता येत नाही. नोंदीनंतर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि नोंद प्रमाणित करतो तो मंडल अधिकारी. लिहिणारा व प्रमाणित करणारा वेगळा, ही दक्षता कागदी दप्तरातही होती. संगणकाने ती अधिक काटेकोर केली, इतकेच.

ही तटबंदी ढासळते ती बहुधा सोयीपायी. अंकीय स्वाक्षरीचे साधन मदतनिसाच्या हाती दिले, की दोन पदांचे अधिकार एकाच माणसाकडे येतात आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. विदागाराच्या प्रशासकाचे अधिकार तर सर्वांत व्यापक असतात. म्हणून प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याची नोंदवही त्यालाही बदलता येणार नाही अशा जागी, स्वतंत्रपणे ठेवणे इष्ट असते.