डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ : आधी चिलखत बघा
लारियन स्टुडिओजचा हा २०१७ चा गेम फोर्ट जॉयच्या पहिल्याच बेटावर भल्याभल्यांना रडवतो. बहुतेकांची गफलत एकच. इथे चिलखतं दोन असतात, शारीरिक आणि जादूचं. पहिलं शून्यावर आल्याशिवाय शत्रू आडवा पडत नाही, दुसरं संपल्याशिवाय गोठत नाही. म्हणून तुमच्या चमूतल्या चौघांनी मिळून एकाच शत्रूला धरा! उंचावरून मारलेला बाण जास्त लागतो. आणि हो, तिरंदाजालाही ‘वॉरफेअर’चे पॉइंट द्या, त्याने सगळाच शारीरिक मार वाढतो. किनाऱ्यावरच्या मगरींकडे टेलिपोर्टचे हातमोजे आहेत, ते सोडू नका. बेडरोल दिसला की उचला. लढाईनंतर त्यावर झोपलं की सगळे फुकटात ठणठणीत. प्राण्यांशी बोलू देणारं ‘पेट पॅल’ तर घ्याच, इथले प्राणी माणसांपेक्षा कामाचं बोलतात.