शाळेच्या कपाटातला तबला

आजचा विषय खेड्यातल्या शाळांमधलं तालवाद्यांचं शिक्षण. सुरुवात शाळेच्या कपाटापासून करू या. कधीतरी कुणी दात्याने तबला-डग्गा भेट दिलेला असतो. दोन पावसाळ्यांनंतर कपाट उघडलं की बऱ्याचदा आम्हाला एकच दृश्य दिसतं: डग्ग्याची पुडी फाटलेली, तबल्याची शाई तडकलेली, वादी सैल पडलेली. म्हणजे तिथे वाद्य नाही म्हणून शिक्षण अडलेलं नसतं. वाद्य सांभाळणारं आणि शिकवणारं माणूस नसतं.

पुडी बकऱ्याच्या कातड्याची. दमट हवेत कातडं ओल धरतं, सैल होतं, स्वर उतरतो. मग कुणीतरी गठ्ठे ठोकत बसायचं, आणि फाटलीच तर पुडी बदलायला तालुक्याला नाहीतर जिल्ह्याच्या गावी न्यायची. दोन शिक्षकांच्या शाळेत हे कोण करणार? म्हणून पहिलं वाद्य घ्यायचं तर नटबोल्टची ढोलकी घ्या, असं आम्ही सांगतो. पाना दिला तर सातवीतलं पोरगंही ती चढवतं. तबल्याचे आग्रही लोक यावर रागावतात. रागावू देत.

पण त्याच्याही आधी, वाद्याशिवाय बरंच शिकता येतं. बोल आधी तोंडाने म्हणायचे, मग हाताने वाजवायचे, ही आपल्याकडची जुनीच रीत. तिला पढंत म्हणतात. त्रितालाच्या 16 मात्रा घ्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला काल, म्हणजे हात नुसता बाजूला. 40 मुलं हे एकदम करू शकतात. तेच 35 मिनिटांच्या तासात एक तबला 40 जणांत फिरवला, तर प्रत्येकाला मिनिटभरही मिळत नाही.

तिहाई तर फळ्यावरच शिकवता येते. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा गप्प. 5 + 1 + 5 + 1 + 5 किती झाले? 17. म्हणजे समेपासून सुरू केलं तर शेवटचा 'धा' बरोबर पुढच्या समेवर येतो. मुलं आधी बोटांवर मोजतात. सगळ्यांची टाळी एकत्र पडली की वर्गात जो गलका होतो, तो गणिताच्या तासाला सहसा ऐकू येत नाही!

आता शिकवणार कोण? जिथे हरिनाम सप्ताह होतो, त्या गावात किंवा शेजारच्या गावात मृदंग वाजवणारं कुणीतरी असतंच. धुमेला कणीक किती लावायची हे त्याला बरोबर कळतं. पण त्याच्याकडे पदवी नसते, म्हणून शाळेला तो शिक्षक वाटत नाही.

हलगीचा प्रश्न याहून अवघड आहे. हलगी वाजवणं पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजावर जातीचं काम म्हणून लादलं गेलं. त्यामुळे त्या समाजातल्या अनेकांनी ती जाणीवपूर्वक सोडली, आणि त्यात काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. मिरवणुकीपुरतं हलगीवाल्याला बोलवायचं आणि कार्यक्रमात त्याला दारापाशी उभं करायचं, हे शाळेने करू नये. बोलवायचं तर गुरुजी म्हणून बोलवा, खुर्ची द्या, ठरलेलं मानधन द्या. आणि हलगी सगळ्यांच्या हातात द्या, एकाच आळीतल्या मुलाच्या नको.

दहावीला शास्त्रीय संगीताच्या आणि लोककलेच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळतात. पण ज्याच्या गावात क्लास नाही आणि परीक्षा केंद्र दूर आहे, त्याला त्या सवलतीचा उपयोग काय? गावातच शिकवणारा मिळाला, तर निदान मूल केंद्रापर्यंत जायच्या तयारीचं तरी होतं.

मुली पढंतीत अनेकदा मुलांच्या पुढे असतात. ढोलकी बाहेर निघाली की मात्र मागे सरकतात, कारण घरी सांगितलेलं असतं. म्हणून आम्ही पहिला आठवडा ढोलकी मुलींकडेच देतो.