नागपूरकरांना ऊन शिकवता काय!

रोमच्या विमानतळावरून आम्हाला घेऊन निघालेला टॅक्सीवाला सारखा आकाशाकडे बोट दाखवून "काल्दो, काल्दो" म्हणत होता. काल्दो म्हणजे गरम, एवढं पुस्तकातून पाठ केलं होतं. त्याने आरशातून आमच्या दोन पिल्लांकडे पाहिलं आणि काळजीने मान हलवली. तेव्हा आमचे हे पुढच्या सीटवर ताठ होऊन म्हणाले, "नागपूर! फॉर्टी सिक्स!" जणू ते शेहेचाळीस डिग्री ह्यांनी स्वतः बसवून घेतले होते. मी मागे बसून हसले. खरं सांगते, मलाही अभिमानच वाटला. ज्या गावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, त्या गावच्या लोकांना हे लोक ऊन शिकवणार?

ही गोष्ट जुलै २०२३ ची. ह्यांना ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे रोमला जायचं होतं. मुलांना कधी दाखवणार परदेश, असा विचार करून आम्हीही निघालो. मोठी आठ वर्षांची, धाकटा चार. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे शाळा नुकतीच सुरू झालेली. बाईंनी रजेच्या अर्जाकडे असं पाहिलं की विचारू नका. सासूबाईंनी गुडघ्यांमुळे येणार नाही म्हटलं, पण बॅग त्यांनीच भरली. सातूचं पीठ, आमसुलं, चिवडा, ओआरएसची दहा पाकिटं, दोन सुती दुपट्टे. खिशात ठेवायला कांदा देत होत्या, तो मात्र मी परत टोपलीत ठेवला. तिथे विमानतळावर कांद्याचं कारण कोण सांगत बसणार?

इटलीत त्या आठवड्यात उन्हाचा कहर चालू होता. टीव्हीवर नकाशाच लाल. तिथे उष्णतेच्या लाटांना नावं देण्याची पद्धत पडली आहे. त्या वर्षी एका लाटेचं नाव होतं नरकाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं, तर पुढच्या लाटेचं मेलेल्यांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं. आपल्याकडे वैतरणी आहे तशी त्यांची. सरकार शहरांना उन्हाचे इशारे देतं आणि रोमला सर्वांत वरचा, लाल इशारा होता. हा इशारा फक्त म्हाताऱ्यांसाठी नसतो, धडधाकट माणसांनीही जपावं असा त्याचा अर्थ. आम्ही तो वाचला आणि आईस्क्रीम खायला बाहेर पडलो.

आम्ही उतरलो होतो ती जागा म्हणजे जुन्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालकीणबाई तळमजल्यावर राहत. सत्तरीच्या पुढच्या, काळा झगा, पायात सपाता. मुलं त्यांना पहिल्याच दिवसापासून 'खालची आजी' म्हणू लागली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. तरी दोन बायकांचं घरातलं बोलणं कुठे अडतं? सकाळी नऊ वाजले की त्या वर येत आणि आमच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा धाडधाड बंद करून जात. आम्हाला वाटे, काय ही म्हातारी, इतक्या लांबून रोम बघायला आलो आणि ही खिडकी उघडू देत नाही. दुपारी आम्ही बाहेर निघालो की त्या दारात उभ्या राहून डोक्याखाली हात जोडून झोपल्याची खूण करीत. "पेनिकेल्ला!" दुपारच्या डुलकीला रोमचे लोक असं म्हणतात. आम्ही हसून हात हलवत असू.

गंमत म्हणजे नागपुरात मी हेच करते. एप्रिल लागला की सकाळी दहाला दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरच्या जाळीत वाळा, माठात पाणी. बारा ते पाच पोरांना उंबरा ओलांडायची बंदी. मग हे सगळं मी इथे का विसरले? कारण उघड आहे. इथे दर दिवसाचा हिशेब होता. चौदा दिवस, इतके युरो, इतकी ठिकाणं. झोपायला का आपण परदेशात आलो?

मंगळवार, १८ जुलै. ह्यांनी मुद्दाम सुट्टी घेतलेली. कोलोसियमच्या तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली असते. सकाळच्या वेळा भरल्या होत्या, आम्हाला मिळाली साडेबाराची. पैसे परत नाहीत. निघताना पाठीवरची पिशवी जड झाली म्हणून मी ओआरएसची पाकिटं काढून खाटेवर ठेवली. कॅमेरा मात्र काढला नाही.

कोलोसियममध्ये उभं राहून हे पुस्तकातून वाचून दाखवत होते, की दोन हजार वर्षांपूर्वी खेळ चालू असताना प्रेक्षकांवर कापडाचं प्रचंड छत ओढलं जाई आणि ते ओढायला आरमारातले खलाशी असत. मोठी म्हणाली, "बाबा, मग ते छत आता कुठे आहे?" ह्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. छत नव्हतंच. रोमन लोकांना कळत होतं, आम्हाला कळत नव्हतं.

तिथून फोरम, म्हणजे जुन्या रोमचा चौक. पडके खांब, देवळांचे चौथरे आणि मोठमोठ्या काळ्या दगडांची फरसबंदी. झाड क्वचित. धाकटा चालून कंटाळला होता, त्याला ढकलगाडीत बसवलं. ऊन तोंडावर येत होतं म्हणून मी सासूबाईंनी दिलेला दुपट्टा गाडीच्या छपरावरून खालपर्यंत सोडला, दोन्ही बाजूंनी खोचला. नागपूरची कुठलीही आई हेच करेल. आपण रस्त्यावर दुपट्ट्यानं तोंड बांधून फिरतो की नाही? पण गाडीत बसलेल्या मुलाच्या भोवती वारा कोंडला की आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापत जाते. दुपट्टा आणि तंबू यांतला फरक मला त्या दिवशी कळला नाही.

"झोपला वाटतं," मी म्हणाले. बरंच झालं, म्हणत आम्ही आणखी अर्धा तास फिरलो. हा अर्धा तास मला अजून रात्री आठवतो.

दुपट्टा बाजूला केला तेव्हा चेहरा लालबुंद होता आणि अंग तव्यासारखं. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मग एकदम उलटी झाली. मोठी रडायला लागली. ह्यांनी त्याला उचलला आणि आम्ही पळत सुटलो. आधी चर्च दिसलं, थंडगार असणार म्हणून धावलो, तर दार बंद. रोममधली पुष्कळ चर्चं दुपारी बंद असतात. देवसुद्धा पेनिकेल्ला घेतो! पुढे औषधाच्या दुकानाची हिरवी फुली दिसली. तिथे अशा फुलीवर वेळ आणि तापमान झळकत असतं. त्यावर ४१ लिहिलं होतं. रोमच्या तापमानाचा त्या दिवशी विक्रम झाला, ४१.८ डिग्री, हे दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत समजलं.

दुकानातल्या बाईने एक नजर टाकली आणि काउंटरच्या बाहेर आली. मी बाटली उघडून त्याच्या तोंडात पाणी घालायला गेले तर तिने माझा हात धरला. "नो!" पूर्ण शुद्धीवर नसलेल्या मुलाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिने त्याला कुशीवर निजवलं, कपडे काढले, अंगभर पाणी शिंपडलं, पुठ्ठ्याने वारा घालायला मोठीला बसवलं, मान आणि काखेत थंड पट्ट्या ठेवल्या आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. पोर थोडं सावरून "आई" म्हणालं, तेव्हा कुठे तिने चमचा चमचा क्षारपाणी पाजायला दिलं. रुग्णवाहिका आली. रात्री आठपर्यंत हॉस्पिटलमध्ये त्याला नजरेखाली ठेवलं. सातला त्याने बिस्किट मागितलं आणि मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना इंग्रजी चांगलं येत होतं. मी त्यांना तेच विचारलं जे तुम्हीही विचाराल. आमच्याकडे ४५ असतं, मग ४१ मध्ये असं कसं? त्यांनी उलट विचारलं, "तुमच्या गावी तुम्ही इथे कधी आलात त्याच्या आधी किती तापमान होतं?" जुलै! नागपुरात पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, छत्र्या वाळत होत्या. शरीराला उन्हाची सवय लागायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि ऊन गेलं की ती सवय काही आठवड्यांत मोडते. आमची मे महिन्याची कमाई जुलैपर्यंत खर्च झाली होती. शिवाय लहान मुलाचं अंग वजनाच्या मानाने जास्त उघडं असतं, ते बाहेरची उष्णता लवकर घेतं, घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि चार वर्षांचं पोर 'मला कसंतरी होतंय' असं सांगत नाही. ते किरकिर करतं, मग गप्प होतं. गप्प झालं की आपल्याला वाटतं झोपलं.

मी मनात आणखी एक भर घातली. नागपूरच्या ४५ मध्ये माझा मुलगा कधी उभाच राहिलेला नाही. ते आकडे आम्ही बंद खिडकीच्या आतून, पन्ह्याचा पेला हातात धरून वाचलेले. ऊन सोसण्याचा नव्हे, ऊन चुकवण्याचा आम्हाला सराव, आणि त्यातही निम्मं श्रेय सासूबाईंच्या धाकाचं.

घरी परतलो तेव्हा खालची आजी दारातच होती. रुग्णालयाची पट्टी मुलाच्या मनगटावर पाहून तिने कपाळावर हात मारला, आम्हाला भरपूर बोलली (भाषा समजली नाही हे बरं), आणि मग आत जाऊन कापलेलं कलिंगड घेऊन आली. तिच्या बोलण्यात एक आकडा पुन्हापुन्हा येत होता, २००३. फोनमधल्या भाषांतराच्या मदतीने समजलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात युरोपात माणसं हजारोंनी गेली. एकट्या फ्रान्समध्ये पंधरा हजारांच्या आसपास, बहुतेक म्हातारी, पुष्कळशी घरात एकटी. आजीची एक बहीण त्यात गेली होती. त्या उन्हाळ्यानंतरच इटलीने हे इशाऱ्यांचे टप्पे सुरू केले. आपल्याकडे २०१० च्या लाटेत अहमदाबाद होरपळलं, २०१३ मध्ये तिथे उष्माघाताविरुद्धचा शहराचा आराखडा आला आणि पुढे नागपूरनेही तो कित्ता गिरवला. आमच्या चौकात त्याचे फलक लागतात. मी त्याखालून रोज जाते. वाचलाय कुणी?

उरलेले दिवस मात्र आम्ही रोममध्ये नागपूरकरांसारखे राहिलो. पहाटे साडेपाचला उठायचं. सहा वाजता त्रेवीच्या कारंज्यापाशी मोजकी माणसं असतात, हे दुपारच्या गर्दीत धक्के खाणाऱ्याला खरं वाटणार नाही. दहाच्या आत घरी. झडपा बंद, मीच बंद करायची, आजीला चढायला नको. वरणभात, आमसुलाचं सार, सगळ्यांनी फरशीवर आडवं व्हायचं. सहानंतर पुन्हा बाहेर. जुलैत तिथे साडेआठ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, संध्याकाळ लांबलचक असते. नदीकाठच्या टपऱ्यांवर किसलेल्या बर्फावर सरबत घालून देतात, आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी पेल्यात.

आणि मुलांना रोममधलं सर्वांत काय आवडलं असेल? रस्त्यावरचे नळ. लोखंडी खांब आणि त्याला नाकासारखी वाकडी तोटी, म्हणून त्यांना 'नासोने', म्हणजे मोठं नाक, म्हणतात. १८७४ पासून बसवायला सुरुवात झाली, आज शहरात अडीच हजारांच्या घरात आहेत. पाणी गार, पिण्याजोगं, फुकट आणि अखंड वाहतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडते, वाकून प्यावं. धाकट्याला हे आजीने शिकवलं. मग दर नळापाशी थांबायचं, टोपी भिजवायची, डोक्यावर घालायची, पुढे निघायचं. पाणी असं वाहून जाताना पाहून माझा जीव तुटायचा, पण टोपी मीही भिजवली. पॅन्थिऑन पाहिलं, बाकी म्युझियमं बरीच राहिली. फोरमचे फोटो मी अजून उघडलेले नाहीत.

फोनवर सासूबाई रोज विचारत, "कुठे फिरून राहिले तुम्ही?" मी "सगळं छान" म्हणे. खरं सांगायला ऑगस्ट उजाडला. नागपुरात पाऊस पडत होता, त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, दुपट्ट्याचंही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी रागावण्याची वाट पाहत होते.

मग म्हणाल्या, "त्या खालच्या म्हातारीला काय दिलं मग तू?"

"चिवडा दिला आई. उरलेला सगळा."

"एवढंच?" त्या म्हणाल्या, आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली.