व्यसनापायी चोरी, नोकरीवरून हकालपट्टी आणि शिल्लक राहिलेले हक्क

दारूपायी गल्ल्यातले पैसे उचलले, नोकरी गेली, आता कुठल्या तोंडाने हक्क मागायचा? असं म्हणत घरचेच गप्प बसतात. चोरी सिद्ध झाली तरी माणसाचे सगळे हक्क जात नाहीत.

सर्वांत घातक समज असा, की राजीनामा दिला की प्रकरण मिटतं. केबिनमध्ये तीन साहेब, समोर कोरा कागद, नशा न मिळाल्याने हात थरथरताहेत. "सही कर, पोलिसांत जात नाही." ती सही पुढे स्वखुशीचा राजीनामा म्हणून दाखवली जाते आणि दबाव होता हे कामगारालाच सिद्ध करावं लागतं. त्यापेक्षा चौकशी मागावी. लेखी आरोपपत्र, उत्तराची संधी, साक्षीदारांची उलटतपासणी हा त्याचा हक्क आहे. स्थायी आदेश (आस्थापनेचे मंजूर सेवानियम) लागू असलेल्या ठिकाणी निलंबनात पहिले 90 दिवस निम्मं वेतन मिळतं. पुढचा उशीर त्याच्यामुळे नसेल, तर 75 टक्के.

"व्यसन हा आजार आहे, मग काढतील कसे?" हा दुसऱ्या टोकाचा समज. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक स्थितींना आजार मानतो. त्यातून उपचारांचा आणि गोपनीयतेचा हक्क मिळतो, नोकरीची हमी नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत व्यसन नाही. स्वतःहून केलेली नशा चोरीच्या खटल्यातही बचाव ठरत नाही. तरीही व्यसनमुक्ती केंद्राची कागदपत्रं आणि आधीची निष्कलंक सेवा चौकशीतच मांडावी, कारण प्रकरण पुढे औद्योगिक न्यायाधिकरणात गेलं तर शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार त्याला आहे. मात्र खोटी आशा नको: रक्कम किरकोळ असली तरी विश्वास उडाला की बडतर्फी योग्यच, असं सर्वोच्च न्यायालयाने कंडक्टरांच्या प्रकरणांत वारंवार म्हटलं आहे.

ग्रॅच्युइटीबद्दल तर दोन्हीकडून चुकीचं सांगितलं जातं: कुणी म्हणतं कोर्टात शिक्षा झाल्याशिवाय ती रोखताच येत नाही, कुणी म्हणतं ती सगळीच बुडते. फेब्रुवारी 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नैतिक अधःपतनाच्या गैरवर्तनासाठी ती रोखायला फौजदारी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. पण त्याच निकालात, तिकिटाच्या पैशांचा अपहार केलेल्या एसटी कंडक्टरांची पूर्ण ग्रॅच्युइटी जप्त न करता फक्त 25 टक्के कापायला सांगितलं. तीन चतुर्थांश रक्कम वाचली. पीएफ मालकाला अडवता येत नाही. वेतन संहितेनुसार थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो.

बडतर्फीविरुद्ध आधी समेट अधिकाऱ्याकडे जायचं, तिथे 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर न्यायाधिकरणाकडे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. पूर्वी ती तीन होती. व्यवस्थापक पदावरच्यांना हा मार्ग नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये: औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करता येतो.