बोर्डिंग : शब्दातली भाकरी

‘सर, बोर्ड म्हणजे फळा. मग बोर्डिंग म्हणजे काय?’ कोल्हापुरात शिकवत असताना एका मुलाने मला विचारले. ‘वसतिगृह’ एवढे सांगून मी मोकळा झालो. पण ते उत्तर अपुरे होते, आणि त्यातून जे सुटले तेच आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडी फळी. फळीवर जेवण मांडत, म्हणून जेवणाचे मेजही बोर्ड. पुढे मेजावरचे अन्नही बोर्डच झाले. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी रोज जेवणारा तो ‘बोर्डर’. मेजाभोवती कारभाराला बसणारी मंडळी, तेही बोर्ड. आपल्या परीक्षेचे बोर्ड त्यातलेच. नुसत्या राहण्याला इंग्रजीत ‘लॉजिंग’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे बोर्डिंगच्या मुळाशी छप्पर नाही, भाकरी आहे.

आपल्याकडेही जेवायला बसायची फळी म्हणजे पाट. पाट मांडले की पंगत बसे. त्या पंगतीत आपल्या बापजाद्यांना पाट नव्हता.

हे ध्यानात घेऊन कोल्हापूरचा इतिहास पाहावा. १८९६ साली शाहू महाराजांनी सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढले. व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच राहिले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले. खेड्यातून आलेल्या अस्पृश्य मुलाला नुसती शाळा मिळून भागत नव्हते. शहरात त्याला खोली कोण देणार, जेवू कोण घालणार? बोर्डिंगने त्याच्यापुढे ताट ठेवले. मात्र प्रत्येक जातीची फळी वेगळीच राहिली, हेही सांगितले पाहिजे.

‘वसतिगृह’ या शब्दात वस्ती आहे, जेवण नाही. शब्दातून भाकरी गळाली की मागणीतूनही गळते. शासनाच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तीत भोजनाची आणि निवासाची रक्कम खात्यावर जमा होते. कार्यकर्त्यांनी निवेदनात खोल्या किती, हे जरूर विचारावे. पण त्याआधी विचारावे, जेवणाचे पैसे वेळेवर येतात का? पोट महिनाअखेर थांबत नाही, मग वर्षअखेरपर्यंत कसे थांबेल?

त्या मुलाला मी नंतर नीट उत्तर दिले : बोर्डिंग म्हणजे जिथे शिकणाऱ्याच्या जेवणाची जबाबदारी समाज घेतो ती जागा.