होल्टर लावून घरी बसू नका

डॉक्टरांनी होल्टर (दिवसभर हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र) लावायला सांगितला की पहिला विचार येतो तो रजेचा. पुण्यात खराडीच्या इऑन आयटी पार्कमध्ये किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नोकरी करणारा माणूस मॅनेजरला निरोप धाडतो आणि छातीवरच्या वायरी सांभाळत दिवसभर सोफ्यावर पडून राहतो. ‘हार्टची तपासणी चाललीय, उगाच हालचाल नको,’ असं घरचेही बजावतात. ते काळजीपोटीच असतं, पण या एका समजुतीपायी अख्खी तपासणी वाया जाऊ शकते.

दवाखान्यातला साधा ईसीजी साधारण १० सेकंदांची नोंद घेतो. दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदाच धडधड होते, तीही जिना चढताना किंवा रात्रपाळीत पहाटे तीनला, त्याची धडधड नेमकी त्या १० सेकंदांत सापडणं कठीणच. म्हणून २४ किंवा ४८ तासांचा होल्टर. मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाकाठी लाखभर ठोक्यांची नोंद होते. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस बनवलेलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं, ते पाठीवर बांधावं लागे. एवढं ओझं त्यांनी माणसाच्या पाठीवर चढवलं ते तो कामात, हालचालीत असताना त्याचं हृदय कसं चालतं हे पाहण्यासाठी. १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. आता ते यंत्र मुठीत मावतं, गळ्यात किंवा कमरेला अडकवता येतं. हेतू मात्र तोच आहे.

तेव्हा डॉक्टरांनी काही बंदी घातली नसेल, तर रोजचा दिवस रोजच्यासारखाच जाऊ द्या. जिना चढत असाल तर चढा. चंदननगरहून भाजीच्या पिशव्या उचलून आणत असाल तर आणा. रात्रपाळी असेल तर ती करा, तिथला चहाही घ्या. औषधं मनाने बंद करू नका. काही गोळ्या थांबवायच्या असतील तर डॉक्टर तसं सांगतात. आंघोळ मात्र टाळायची, कारण नेहमीचा होल्टर भिजलेला चालत नाही. भरपूर घाम येईल असा व्यायामही नको, चिकटपट्ट्या सुटतात. मोबाइल शर्टाच्या खिशात, यंत्राला चिकटून ठेवू नका. रामवाडी मेट्रो स्टेशनच्या दाराशी मेटल डिटेक्टर असेल, तर तिथल्या सुरक्षारक्षकाला होल्टर दाखवून हाताने तपासणी करायला सांगा.

यंत्रातून करंट बसेल, ही भीती मनातून काढून टाका. होल्टर शरीरात वीज सोडत नाही. हृदयात आपोआप निर्माण होणारे विजेचे संकेत तो फक्त टिपतो.

दुसरा मोठा गैरसमज डायरीबद्दलचा. यंत्राबरोबर एक कागद मिळतो आणि तो बहुतेकदा कोराच परत जातो. ‘मशीन सगळं टिपतंय, मग मी कशाला लिहू?’ पण यंत्राला ठोका कळतो, तुम्हाला काय झालं ते कळत नाही. ‘११.४०, मीटिंगमध्ये, छातीत धस्स झालं, अर्धं मिनिट’ एवढी एक ओळ पुरते. त्या वेळचा आलेख काढून डॉक्टर पाहतात. तिथे ठोक्यांची लय बिघडलेली दिसली तर कारण सापडलं. लय सरळ असेल तर तीही मोलाची माहिती, कारण मग त्या धस्स होण्याचं मूळ लय बिघडण्यात नाही, ते दुसरीकडे शोधायचं. नगर रोडवर दुचाकीचे हादरे बसले तर तेही लिहा. हालचालीने आलेखात खोटे चढउतार उमटतात.

‘होल्टर लावलाय, म्हणजे हॉस्पिटलात कुणीतरी बघत असेल’ हा समज सगळ्यांत धोक्याचा. नेहमीचा होल्टर फक्त साठवून ठेवतो. परत दिल्यावर नोंद वाचली जाते. छातीत जोराचं दुखलं, दम लागला, घाम फुटला, शुद्ध हरपली, तर डायरीचा कागद बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा.

रिपोर्ट हाती आला की उलटसुलट अर्थ लावले जातात. काही जादा ठोके दिसले म्हणून रात्रीची झोप उडवू नका. धडधाकट माणसांतही ते आढळतात. झोपेत ठोके पन्नाशीखाली उतरणंही अनेकांत स्वाभाविक असतं. याउलट रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही, असंही नव्हे. होल्टर लय पाहतो. रक्तवाहिन्यांसाठी वेगळ्या तपासण्या असतात. शिवाय त्या २४ तासांत त्रास झालाच नसेल, तर नॉर्मल रिपोर्टने प्रश्न मिटत नाही. अशा वेळी छातीवर चिकटवायचा पॅच साधारण १४ दिवस लावता येतो. फार क्वचित चक्कर येऊन पडणाऱ्यांसाठी त्वचेखाली बसवायचा रेकॉर्डर असतो, तो काही वर्षं नोंद ठेवतो. हा खटाटोप उगाच नाही: एट्रियल फिब्रिलेशन या लयीच्या विकारात बिघडलेली लय कधी येते-जाते, कधी कळतही नाही, आणि तिच्यामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

मनगटावरचं स्मार्टवॉच यातलं काही काम करतं, सगळं नाही. त्याचा हिरवा प्रकाश नाडी मोजतो. ईसीजीची सोय असलेलं घड्याळही बोट टेकवाल तेव्हाच अर्ध्या मिनिटाची नोंद घेतं. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही. त्याने इशारा दिला तर ती नोंद डॉक्टरांना जरूर दाखवा, पण घड्याळ गप्प आहे म्हणून होल्टर टाळू नका.

उद्या होल्टर लावायचा असेल तर सकाळी आंघोळ उरकून घ्या, छातीला तेल-पावडर लावू नका, पुढून बटणं असलेला सैल शर्ट घाला, खिशात पेन ठेवा. आणि होल्टर लावून झाला की दवाखान्यातूनच थेट कामावर जा.