पिशवीतले कागद बाहेर काढा

डिसेंबर संपत आला की घराघरांत हिशेब होतात. मुलांची फी किती भरली, बचत गटाचे हप्ते किती राहिले, विहाराची वर्गणी दिली की नाही. या हिशेबात तब्येतीचा रकाना नसतो, आणि घरच्या बाईच्या तब्येतीचा तर नसतोच. ‘बरं चाललंय’ म्हणून वर्ष मिटवलं जातं. आधी वॉर्डात आणि नंतर वस्त्यांत काम करताना हे ‘बरं चाललंय’ मी फार ऐकलं आहे. म्हणून या वेळी एकच विनंती. कपाटावरची ती पिशवी खाली काढा, जिच्यात केसपेपर, लॅबचे रिपोर्ट आणि मेडिकलची बिलं कोंबलेली असतात. सगळे कागद तारखेप्रमाणे लावा.

वर्ष कसं गेलं ते कागदांवरून कळतं, आणि कागद नसलेल्या महिन्यांवरून जास्त कळतं. घरकाम करणाऱ्या एका ताईंचे कागद आम्ही असेच मांडून बसलो होतो. फेब्रुवारीत रक्तदाब १६०/१००, गोळी सुरू. मार्चमध्ये १३०/८०. त्यानंतर थेट सप्टेंबर, १७०/११०. मधे काहीच नाही. विचारलं तर म्हणाल्या, “बरं वाटत होतं, म्हणून गोळी बंद केली.” बरं वाटत होतं, कारण गोळी चालू होती! पण तेवढ्यावर थांबून त्यांना बोल लावणं सोपं आहे. पुढे बोलता बोलता कळलं, की एप्रिलपासून त्यांना सकाळचं आणखी एक घर मिळालं होतं. सरकारी दवाखान्याची ओपीडीही सकाळचीच. खाडा केला की पैसे कापले जात.

आता अशा बाईने १ जानेवारीला ‘यंदा तब्येतीकडे लक्ष देणार’ असा संकल्प करून काय होणार? अडचण तिच्या मनात नव्हती, वेळापत्रकात होती. म्हणून संकल्पही तिथेच करायला हवा. आम्ही ठरवलं ते असं: महिनाभराच्या गोळ्या एकदम मागायच्या, ओपीडीचा दिवस महिन्यातून एकच धरायचा आणि त्या दिवसाची सुट्टी मालकिणीला आठवडाभर आधी सांगायची. गोळी संपायच्या चार दिवस आधीच्या तारखेवर कॅलेंडरमध्ये गोल करायचा. ‘वजन कमी करणार’, ‘साखर सोडणार’ असल्या मोठमोठ्या घोषणांपेक्षा मला हा गोल जास्त कामाचा वाटतो.

कागद वाचताना काही आकडे लक्षात ठेवा. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो वाढलेला आहे, डोकं दुखो वा न दुखो. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. ‘आमच्या घरात सगळ्यांचंच कमी असतं’ हे त्यावर उत्तर नाही. मधुमेह असेल तर एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तपासणीच्या आधी दोन दिवस भात सोडणारे हुशार लोक मला माहीत आहेत. ही तपासणी त्यांना फसत नाही. मधुमेह्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पाय आणि मूत्रपिंड तपासले का, तेही पाहा. बहुतेकांच्या पिशवीत हा कागद नसतो.

ज्यांच्याकडे एकही कागद नाही, त्यांनी आशाताईंना गाठा. गावचं उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखलं जातं. तिथे ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब व साखरेची, तसंच तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी मोफत करायची, असा सरकारचा कार्यक्रम आहे. होत नसेल तर का होत नाही ते विचारा, एकटीने नाही, चौघींनी मिळून.

मिश्रीबद्दल दोन शब्द. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायची पावडर नव्हे. दिवसातून किती वेळा लावता ते आठवडाभर नुसतं मोजा, मग सोडण्याची तारीख ठरवा. खर्रा खाणाऱ्या भावांनाही हेच सांगते. १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक कागद. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल जास्त आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’ असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. घरात लग्नाची मुलं-मुली असतील, तर स्थळं पाहण्याआधी हा रिपोर्ट काढा. पत्रिकेला आपण कधीच रामराम ठोकला. तिच्या जागी हा कागद ठेवायला हरकत नाही.

विहारात दंडावर बांधायचं रक्तदाबाचं मशीन वर्गणीतून घेता येईल. पौर्णिमेला वंदना झाल्यावर पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकवा, पाठ टेकवा आणि मग मोजा. त्याआधी अर्धा तास चहा नको, मिश्रीही नको. आकडा तारखेसह वहीत लिहा. वही मात्र ज्याची त्याच्याकडेच राहू द्या. विहाराच्या कपाटात सगळ्यांचे आकडे ठेवले, की दुसऱ्या पौर्णिमेपासून बायका यायच्या बंद होतात.